शेजारचा हौद

१

खिडकीकडच्या हौदातले सगळे मासे मेले होते आणि दाराकडच्या हौदातले सगळे मजेत पोहत होते. तेही नेमके तपासणीच्या दिवशी.

हौदवाला धापा टाकत ही बातमी घेऊन विश्रामगृहावर आला, तेव्हा मी आणि संशोधन केंद्राचे साहेब नाश्ता करत होतो. "रोग असेल," साहेब हातातला घास खाली न ठेवताच म्हणाले. "तुम्ही रोग म्हणूनच लिहून टाका. उगाच चर्चा नको."

माणूस एवढ्या तातडीने निदान करायला लागला की मला त्याचा संशय येतो. पण साहेबांचा संशय घेऊन उपयोग नव्हता. रात्रभर ते माझ्याच खोलीत शेजारच्या पलंगावर घोरत होते. ते मध्येच उठून कुठे गेले असते, तर तेवढा वेळ तरी मला झोप लागली असती.

मी मत्स्यसंशोधनाच्या सरकारी अनुदानाचा तपासणी अधिकारी. पूर्वी माशांचा डॉक्टर होतो, मग बढती मिळाली आणि कागदांचा झालो. केंद्राकेंद्रांतून लोक मला पाठीमागे 'नियमवाले' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

नियम तसा सरळ आहे. एका केंद्रात दोन प्रकल्प असतील, तर पहिल्या टप्प्याचं अनुदान दोघांना, दुसऱ्या टप्प्याचं एकालाच. दोघांना एकाच खेपेची पिल्लं द्यायची, सारख्या हौदांत वाढवायची, ज्याने त्याने आपलं खाद्य घालायचं. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर वजन करायचं, तोवर एकमेकांना आकडे सांगायचे नाहीत. ज्याचे मासे जास्त भरतील त्याला दुसरा टप्पा, प्रयोगशाळा आणि प्रकल्पप्रमुखाची कायमची खुर्ची. दुसऱ्याने कपाट रिकामं करून घरी जायचं. आणि मासे मेले तर प्रकल्प बाद, कारण काहीही असो.

हे 'कारण काहीही असो' नियमात कुणी घातलं माहीत नाही, पण घालणाऱ्याला साडू असणार एवढं नक्की.

मला आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तो माझ्यानंतर खात्यात आला आणि आज माझ्या वरच्या मजल्यावर बसतो. तिथून खाली येताना तो माझ्या टेबलाशी थांबतो आणि "काय, बरंय ना?" असं विचारतो. त्यामुळे मत्सर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

"दोन्ही प्रकल्प कुणाचे?" मी चालता चालता साहेबांना विचारलं.

साहेबांनी खाली बघितलं. "दोघी जावा आहेत," ते म्हणाले.

२

हौदांची खोली म्हणजे उंच पत्र्याची लांबच लांब शेड. आत दोन गोल सिमेंटचे हौद, त्यांच्यावर हिरवं जाळीदार कापड, कोपऱ्यात हवेचा पंप. पंपातून निघालेल्या नळीला दोन फाटे, प्रत्येक हौदाला एक आणि प्रत्येकाला आपापला कॉक. खिडकीकडचा हौद थोरलीचा, दाराकडचा धाकटीचा.

मेलेले मासे हौदवाल्याने घमेल्यांत काढून ठेवले होते. मी एक उचलला. तोंड आ वासलेलं, कल्ले ताणून फुललेले. अंगावर डाग नाही, जखम नाही, पाण्याला वास नाही. हा रोग नव्हता आणि विषही नव्हतं. मासे हवेवाचून गुदमरले होते. पण पंप चालू होता आणि दोन्ही कॉक उघडे होते.

"पंप मध्ये बंद पडला होता?" मी विचारलं.

"छे हो. मी मागच्याच खोलीत झोपतो," हौदवाला म्हणाला. "पंप बंद पडला की त्या शांततेनंच मला जाग येते. आणि पंप बंद पडला असता तर दोन्ही हौद गेले असते ना?"

बरोबर होतं. म्हणजे कुणीतरी फक्त खिडकीकडचा कॉक रात्री बंद केला होता आणि काम झाल्यावर पुन्हा उघडला होता. शेडच्या किल्ल्या चौघांकडे होत्या: साहेब, हौदवाला आणि दोघी जावा. साहेबांसाठी माझे कान साक्षीदार होते. उरले तिघं.

मी सुरी मागवून दोन-तीन मासे चिरले. जुनी सवय, दुसरं काही नाही. आतडी स्वच्छ, रिकामी होती. घासभर अन्नसुद्धा नाही.

हौदवाल्याने चहा आणला. एका हातात कप, दुसऱ्या हातात पांढरी बशी, असा मी दाराकडच्या हौदावर वाकलो आणि कापड बाजूला सारलं. सगळे मासे एकदम उसळून माझ्या बशीखाली आले. तोंडं उघडीमिटी करत पाण्यावर आले, एकमेकांना ढकलायला लागले. माझं एवढ्या आनंदाने कुणी स्वागत केल्याला बरेच दिवस झाले होते, त्यामुळे मला बरं वाटलं.

मग माझं लक्ष हौदाच्या काठाकडे गेलं. आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर खवले चिकटले होते. बरेच होते. मासे आपले आपण पोहताना असे खवले गळत नाहीत. ते गळतात जाळ्यात धरल्यावर.

पण या हौदाला तर कुणीच हात लावलेला नव्हता.

३

थोरली माझ्यासमोर ताठ बसली. चाळिशीची, नेटकी, बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवणारी.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "पण माझे मासे मेल्यावर दुसरा टप्पा कुणाला मिळतो, ते तुमच्याच नियमात आहे."

"काल खायला कुणी घातलं?"

"मीच. दोन्ही हौदांना. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, धाकटी परवापासून त्यांच्यापाशी दवाखान्यात. मीच तिला म्हटलं, जा तू बिनघोर, तुझ्या माशांना मी घालते."

"आणि ती बिनघोर गेली?"

"का नाही जाणार? मी काय परकी आहे?" तिने पदर सारखा केला. "काल दोन्ही हौदांना पोटभर घातलंय. हवं तर डबे बघा."

डबे मी बघितले होते. दोन्ही रिकामे होते. पण माशांची पोटंही रिकामी होती, आणि डब्यांपेक्षा माझा पोटांवर जास्त विश्वास आहे. थोरली खोटं बोलत होती. का, ते मात्र कळत नव्हतं. ज्याला मासे मारायचेच आहेत, तो त्यांना आधी उपाशी कशाला ठेवेल? आणि स्वतःचे मासे स्वतः कशाला मारेल?

धाकटी आली ती रडून लाल झालेली. लहान चणीची, हातांना कायम माशांच्या खाद्याचा वास असणार अशी. तिचं खाद्य माशीच्या वाळवलेल्या अळ्यांचं. घरात ते बनवायला थोरलीने सक्त मनाई केली होती, म्हणून ती इथेच बनवायची.

"घरी कसं चालतं?" मी विचारलं.

"नवरे दोघे मिळून दुकान बघतात. दोघंही मासे खात नाहीत." ती थोडं हसली. "सासूबाई म्हणतात, मला दोघी सारख्याच. फक्त थोरलीनं सांगितलेलं त्यांना खरं वाटतं आणि माझं तपासून घ्यावंसं वाटतं."

"माशांबद्दल बोलणं व्हायचं?"

तिचा चेहरा आवळला. "जाऊबाई जेवताना सांगायच्या, माझे मासे आता हातात मावत नाहीत. रोज. वाढतावाढता. मग सासूबाई माझ्या पानात भात वाढायच्या आणि म्हणायच्या, तुझेही वाढतील हो हळूहळू."

ते 'हळूहळू' तिने असं उच्चारलं, की मला माझ्या साडूचं 'बरंय ना' आठवलं. मला तिची दया आली आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

"मासे कशानं मेले असतील?"

"साहेब म्हणतात रोग."

"तुम्ही काय म्हणता?"

"रोगच असेल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता उठून गेली.

४

हौदवाल्याला कुणी काही विचारायची गरज पडत नाही. त्याला फक्त ऐकणारा लागतो.

"पूर्वी या शेडमधला प्रत्येक मासा माझ्या हातचं खायचा," तो छाती पुढे काढून म्हणाला. "मी दिसलो की पाण्यात नाच सुरू! आता या दोघी आल्यापासून मला हात लावायची बंदी. मला काय, बरंच आहे. काम कमी." पण ते त्याला बरं वाटत नव्हतं, हे त्याच्या नाकपुड्यांवरून कळत होतं. "आणि थेरं तरी किती! धाकट्या बाई चमच्यानं हौदाच्या काठावर टक्-टक् करतात, मग यांचे मासे जेवायला येतात. थोरल्या बाईंना आवाज खपत नाही. त्या पांढरी ताटली दोरीनं पाण्यात सोडतात. ताटलीत वाढलेलं जेवतात त्यांचे मासे. साहेबलोक!"

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"थोरल्या बाईंनी गावात धाडलं होतं. तुमच्यासाठी खुर्च्या आणायला. इथल्या खुर्च्या काय मोडल्यात? पण म्हणाल्या, अधिकाऱ्यांना शोभतील अशा आण."

"आणि आज सकाळी?"

इथे त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "सकाळचं काय सांगू. मी दोघींना फोन केला. दोघी पाठोपाठ आल्या. साहेब, जावा असाव्यात तर अशा! थोरल्या बाईंचे मासे मेलेले, पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. आधी धावल्या त्या दाराकडच्या हौदाकडे. धाकटीचे मासे जिवंत आहेत ना, ते बघायला! बघितलं आणि छातीवर हात ठेवला. आणि धाकट्या बाई आल्या त्या आपल्या हौदाकडे ढुंकूनही न बघता थेट खिडकीकडे. थोरलीच्या मेल्या माशांशी उभ्या राहून ढसाढसा रडल्या. एकमेकींवर किती ती माया! माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

माझ्या डोळ्यांत आलं नाही. मला साडू आहे.

उद्या त्याच्या घराला आग लागली तर मी वाईट वाटून घेईन, मदतीला जाईन, पण आधी माझ्या घराचं छप्पर बघेन. माणूस असाच असतो. मासे पाळणारा तर जास्तच, कारण शेजारच्या हौदात रोग आला तर तो आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. शेजारी मासे मेले असं कळल्यावर पहिलं काम आपला हौद बघायचं.

दोन जावा, आणि दोघी धावल्या त्या दुसरीच्या हौदाकडे. एकीला माया फुटली असती तर मी एक वेळ मानलं असतं. दोघींना एकाच सकाळी? शक्य नाही.

मी हौदवाल्याला म्हटलं, "सगळ्यांना शेडमध्ये बोलवा. आणि धाकट्या बाईंना त्यांचा चमचा घेऊन यायला सांगा."

५

नवीन खुर्च्यांवर कुणी बसलं नाही. साहेब दाराशी उभे राहिले, थोरली खिडकीशी, धाकटी आपल्या हौदाशी. मेल्या माशांची घमेली मधोमध होती.

"नियमाप्रमाणे निकाल सरळ आहे," मी म्हणालो. "खिडकीकडच्या हौदातले मासे मेले, तो प्रकल्प बाद. दाराकडच्या हौदातले जिवंत आहेत. दुसरा टप्पा धाकट्या बाईंना. प्रयोगशाळा त्यांची, खुर्ची त्यांची."

साहेबांनी सुस्कारा सोडला. धाकटीने डोळे मिटले. खिडकीच्या गजावर थोरलीची बोटं पांढरी पडली.

"एकच राहिलं. माशांना माझ्यासमोर खायला घाला. रोज घालता तसं."

धाकटीने रिकामा डबा खाद्याने भरून घेतला आणि चमच्याने काठावर टक्-टक् केलं. मासे दचकले आणि तळाशी गेले.

तिने पुन्हा केलं. मासे पलीकडच्या कडेला एकमेकांना चिकटून उभे राहिले. तिने खाद्य टाकलं, ते पाण्यावर नुसतं तरंगलं.

"सकाळपासून गोंधळ चाललाय, घाबरले असतील," साहेब म्हणाले.

धाकटी पुन्हा पुन्हा चमचा वाजवत होती. मग तिने ओणवं होऊन पाण्यात बघितलं, नीट, बराच वेळ. चमचा तिच्या हातातच राहिला. तिने मान वळवली ती घमेल्यांकडे.

"बास!" थोरली ओरडली. एवढ्या मोठ्याने बोलताना तिला त्या शेडने कधी ऐकलं नसेल. तिने खुंटीवरची पांढरी ताटली ओढून काढली, तरातरा दाराकडच्या हौदाशी आली आणि धाकटीला कोपराने बाजूला सारून ताटली पाण्यात सोडली. मासे धावून आले. ताटलीभोवती दाटी झाली, रिकाम्या ताटलीला ते तोंडं लावायला लागले.

"माझे आहेत," थोरली म्हणाली. "माझ्या माशांवर ही खुर्चीत बसणार? मेले तरी नाही बसू देणार."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर तुम्हाला कुणी काही म्हटलं नसतं," मी तिला म्हणालो. "म्हणूनच मी आधी निकाल सांगितला. गप्प राहणं तुम्हाला जमणार नाही, याची मला खात्री होती."

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं, म्हणून मी उलगडून सांगितलं.

"मासे हलवायचे असले की ते आधी उपाशी ठेवतात, नाहीतर टोपात घाण करून गुदमरतात. मेलेल्यांची पोटं रिकामी होती. जिवंत असलेले माझ्या बशीवर तुटून पडले, म्हणजे तेही उपाशी. मासे मारायचे म्हणून कुणी उपाशी ठेवत नाही, हलवायचे म्हणून ठेवतं. दाराकडच्या हौदात खवले होते, म्हणजे तिथे जाळं फिरलं होतं. सासूबाई दवाखान्यात, धाकट्या बाई त्यांच्यापाशी, हौदवाला खुर्च्या आणायला गावात. थोरल्या बाईंनी दोन्ही हौदांतल्या माशांची अदलाबदल केली. धाकट्या बाईंचे मासे थोरल्या बाईंच्या हौदात, त्यांच्याच नावावर तोलले जाणार होते. म्हणून सकाळी त्या दाराकडे धावल्या. त्यांचे खरे मासे तिथे होते."

"मग मारले कुणी?" साहेबांनी विचारलं. "यांनी?"

"चोरून आणलेला माल कुणी स्वतः जाळत नाही. मारणारं माणूस वेगळं. त्याला अदलाबदल माहीत नव्हती. हौदवाल्याचा राग दोघींवर, त्याने कॉक बंद केला असता तर दोन्ही. खिडकीकडचा हौद थोरलीचाच आहे, असं मनापासून मानणारं आणि फक्त तेवढाच हौद मरावा असं वाटणारं माणूस एकच आहे. आज सकाळी त्या माणसाने आपला हौद बघितलाही नाही. रोगाची भीती नव्हती. कारण हा रोग नाही, हे तिला माहीत होतं."

धाकटी घमेल्यांपाशी खाली बसली होती.

"मी आत बघितलंच नाही," ती म्हणाली. "अंधार होता, कापड होतं. सासूबाईंना झोप लागल्यावर दवाखान्यातून आले, कॉक बंद केला आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. उजाडायच्या आत पुन्हा उघडला. पाण्यात फडफड होत होती ती ऐकू येत होती." तिने एक मासा उचलला. त्याच्या शेपटीचा वरचा कोपरा लहानपणीच तुटलेला होता, ते ती अंगठ्याने चाचपत राहिली. "हा सगळ्यांच्या आधी यायचा. चमचा उचलायच्याही आधी."

थोरली ताटली हातात धरून उभी होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मला दोघींचा राग आला होता, आणि त्याहून जास्त, घरी जाऊन हे बायकोला सांगितल्यावर ती कुणाचं उदाहरण देईल, त्याची काळजी वाटत होती.

मी दोन्ही प्रकल्प बाद केले. कारण काहीही असो. साहेब पोलिसांना फोन करायला गेले आणि हौदवाला कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. त्याची ती माया-बियाची कल्पना गेली, याचं त्याला माशांपेक्षा जास्त वाईट वाटलं असावं.

धाकटीने मासा परत घमेल्यात ठेवला आणि मान वर केली. "जाऊबाई, बदलताना तुम्ही वजन केलं होतंत?"

"केलं होतं."

"कुणाचे जास्त भरले?"

थोरलीने हातातली ताटली पुन्हा खुंटीला अडकवली. खोटं बोलायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

"तुझे," ती शेवटी म्हणाली. "बरेच जास्त."

धाकटीने ओल्या हातांनी डोळे पुसले. तिचा चेहरा बघता बघता उजळला. गुन्हा कबूल करून, नोकरी घालवून, आपल्या हातांनी आपलेच मासे मारून बसलेली ती बाई चक्क हसत होती.

"सासूबाईंना सांगाल?" तिने विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली.